रुईच्या फांदीवरची अळी

मी बडोद्यात शाळेत जीवशास्त्र शिकवते. शनिवारची सकाळची शाळा होती. नववीतला एक मुलगा रुईची फांदी घेऊन आला. आजीनं मारुतीच्या हारासाठी पानं मागवली होती, त्यात ती निघाली. एका पानावर काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी होती आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. प्लेन टायगर फुलपाखराची अळी.

ठरलेला धडा मी बाजूला ठेवला. इतकी भडक अळी पक्ष्यांच्या नजरेतून सुटेल कशी? हेच कोडं डार्विनला पडलं होतं. मोराचा पिसारा लांडोरीसाठी असं म्हणता येतं. पण अळी तर जोडीदार शोधत नाही. १८६७ साली त्यानं निसर्गअभ्यासक वॉलेसला विचारलं. वॉलेसचं उत्तर असं की, चवीला वाईट असलेल्या अळीचा रंग म्हणजे पक्ष्याला दिलेली सूचना. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारं विष असतं आणि ही अळी ते स्वतःच्या अंगात साठवते. मातकट रंगाची असती, तर पक्ष्यानं तिला दुसरी खाण्याजोगी अळी समजून पुन्हा पुन्हा टोचलं असतं.

तोच मुलगा उठला. "बाई, पण पहिली रंगीत अळी तर मेलीच असणार. पक्षी शिकला, तिला काय मिळालं?"

प्रश्न बिनतोड होता. जनुकशास्त्रज्ञ फिशरनं १९३० साली दिलेलं उत्तर मी सांगितलं: एक मेली तरी शेजारची भावंडं वाचतात, आणि त्यांच्यातही तोच रंग असतो.

त्यानं फांदी उलटसुलट करून पाहिली. "भावंडं कुठायत? ही तर एकटीच आहे."

खरंच होतं. हे फुलपाखरू अंडी एकेकटी घालतं. घोळक्यानं राहणाऱ्या अळ्यांचं उत्तर इथे तितकंसं लागू पडत नाही. मी तसं वर्गाला सांगितलं.

मधल्या सुट्टीत फांदी व्हरांड्याच्या कठड्यावर होती. एक साळुंकी आली, अळी उचलली, दोनदा झटकली आणि टाकून दिली. मग कठड्यावर चोच घासत राहिली, एकदा या बाजूनं, एकदा त्या. आम्ही सगळे गप्प उभे. अळी वेटोळं करून पडली होती. मी मनातून तिची आशा सोडलीच होती.

"बाई, हलली!"

तिनं अंग सरळ केलं आणि चालू लागली. पक्षी गिळण्याआधी चव घेऊन सोडतो, आणि अंग चिवट असेल तर धडा शिकवणारी अळी स्वतःच वाचते. तिला भावंडांची गरज नाही. एका साळुंकीवरून सिद्धांत ठरत नाही, हेही मी मुलांना बजावलं. पण वीस वर्षं जे फळ्यावर लिहीत आले ते पहिल्यांदा डोळ्यांसमोर घडलं होतं, आणि माझा आवाज कापत होता.

मुलानं फांदी पाण्याच्या बाटलीत खोचून खिडकीत ठेवली. शेवटच्या तासाला अळी पान कुरतडत होती.