मॅट पात्यावरचे ठिपके: चोर मण्यांच्या डब्यातच होता

आज सकाळी सहा तासांनी मिठाच्या पाण्याचा ओला टिश्यू उचलला आणि सुरीच्या सात नंबरच्या पात्यावर गंजाचा एकही तपकिरी ठिपका नव्हता. पाठीपासून धारेपर्यंत तोच फिका राखाडी रंग, एकसारखा. भिंगाखाली दोन्ही बाजू पाहिल्या, मग खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात पुन्हा पाहिल्या. तीन आठवडे डोकं खाणारा प्रश्न सुटला. अर्धा का होईना, पण सुटला, म्हणून हात धुऊन लगेच लिहायला बसलो.

मागची नोंद आठवत असेल. एईबी-एल हे सुऱ्यांचं स्टेनलेस पोलाद, कडकपणा ६१ एचआरसी, आणि मॅट फिनिशसाठी ब्लास्ट, म्हणजे ४० पीएसआय दाबाच्या हवेनं काचेच्या बारीक मण्यांचा मारा. दिसायला पातं अगदी मनासारखं, पण १ टक्का मिठाच्या पाण्याचा टिश्यू ठेवला की तीन तासांत टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. त्याच पट्टीतून कापलेलं, ६०० च्या पॉलिश पेपरनं हातानं घासलेलं पातं तेवढ्याच वेळात जवळजवळ स्वच्छ राहायचं.

पहिला संशय टेम्परिंगवर, म्हणजे कडक केलेलं पातं पुन्हा तापवण्यावर गेला. ५०० अंशांच्या आसपास टेम्पर केलं की क्रोमियम कार्बाइडमध्ये (कार्बनशी जुळून झालेल्या कणांत) अडकतं आणि पोलाद गंजाला हळवं होतं. पण माझं टेम्परिंग १७५ अंशांवर, दोनदा झालं होतं, त्यामुळे तो विषय तिथंच संपला. मग तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं उत्तर आलं: ब्लास्ट केलेलं पातं गंजणारच. यात तथ्य आहे. मण्यांच्या माऱ्यानं पृष्ठभागाचं क्षेत्रफळ वाढतं, बारीक खळगे आणि दुमडी तयार होतात. त्यांत मिठाचं पाणी अडकून राहतं आणि आत प्राणवायू पुरेसा पोचत नाही. स्टेनलेसला गंजापासून वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा; तो एकदा फाटला आणि प्राणवायू मिळाला नाही तर पुन्हा धरत नाही.

तरी मला हे पुरेसं वाटत नव्हतं. खडबडीतपणा हेच एकमेव कारण असतं तर सगळं पातं थोडंफार सारखंच करपलं असतं. माझ्याकडे मात्र ठिपके सुटे होते. प्रत्येकाच्या मध्यभागी गडद बिंदू, भोवती फिकट तपकिरी कडं, आणि दोन ठिपक्यांमधली जागा लख्ख. म्हणजे त्या त्या जागी काहीतरी बाहेरून येऊन बसलेलं होतं.

पुढचा आठवडा वाया गेला तो मोरचुदामुळे. पृष्ठभागावर सुटं लोखंड असेल तर मोरचुदाच्या द्रावणात त्यावर तांबं चढतं, म्हणून ती चाचणी लावली. ब्लास्ट केलेल्या पात्यावर तांबं चढलं. हातानं घासलेल्या पात्यावरही चढलं! मी समजलो की पट्टीच खराब आली आहे, आणि नवी पट्टी मागवायच्या बेतात होतो. मग या चाचण्यांचं मानक, एएसटीएम ए९६७, नीट वाचलं. मार्टेन्सिटिक, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेल्या, स्टेनलेसवर ही चाचणी लावायचीच नसते, कारण तांबं एरवीही चढू शकतं. एईबी-एल त्यातलंच. आपल्यातले बहुतेक जण याच प्रकारचं पोलाद वापरतात, तेव्हा मोरचुदाच्या निकालावर विसंबून पट्टी फेकू नका.

खरी गोष्ट हाती लागली ती साध्या लोहचुंबकानं. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मण्यांच्या डब्यात दोन-तीनदा फिरवला. बाहेर काढला तर पिशवीवर काळ्या धुळीची मिशी उभी! चिमटीत घेतली तर पिठासारखी मऊ, बोटावर करडा डाग सोडणारी. पावसाळ्याआधी ब्लास्टच्या याच कॅबिनेटमध्ये १०९५ ची, म्हणजे साध्या कार्बन पोलादाची, चार पाती भट्टीच्या खपल्या काढायला घातली होती. त्या खपल्या आणि साध्या पोलादाचे कण मण्यांत मिसळले, आणि तेव्हापासून मी प्रत्येक स्टेनलेस पात्यात ४० पीएसआयनं लोखंड ठोकून बसवत होतो. तेच कण आधी गंजायचे आणि शेजारच्या पोलादाला सोबत घ्यायचे.

कॅबिनेट पूर्ण रिकामं केलं. होज, नोझल, जाळी, कोपरे, सगळं झाडून पुसलं आणि मणी नवे घातले. इथं एक तक्रार. आलेल्या पिशवीतले मणी भिंगाखाली पाहिले तर बरेचसे फुटके निघाले. फुटका मणी ठोकत नाही, ओरखडतो, आणि दुमडी त्यानंच जास्त पडतात. आता पिशवी कुणाकडूनही येवो, चिमूटभर मणी काचेवर पसरून पाहिल्याशिवाय डब्यात ओतत नाही. हवेतलं पाणी अडवणारा सापळाही बदलला. जुना नावालाच होता, मण्यांच्या गुठळ्या व्हायच्या.

मग चार पाती ओळीनं, त्यातल्या दोनांना ब्लास्टनंतर सायट्रिक अ‍ॅसिडची अंघोळ, पृष्ठभागावरचं सुटं लोखंड विरघळवायला. जुने मणी, पुढे काही नाही: ठिपके मोजायचं सोडून दिलं. जुने मणी आणि सायट्रिक: ११ ठिपके. नवे मणी, पुढे काही नाही: ६. नवे मणी आणि सायट्रिक: शून्य, तेच सात नंबर. सायट्रिक अ‍ॅसिड ५ टक्के, डिस्टिल्ड पाण्यात, ५० अंशांवर २० मिनिटं. त्याआधी डिटर्जंटनं तेल पूर्ण काढलं, कारण बोटांच्या ठशाखाली अ‍ॅसिड पोचत नाही. नंतर डिस्टिल्ड पाण्यानंच धुऊन गरम हवेनं लगेच कोरडं केलं. आधी एक पातं नळाच्या पाण्यातल्या द्रावणात ४० मिनिटं राहिलं होतं, ते काळवंडून निघालं. तेव्हापासून घड्याळ लावूनच बसतो.

जुन्या मण्यांच्या पात्यावर सायट्रिकनंतरही ११ उरले, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दुमडीखाली गाडलेल्या कणापर्यंत अ‍ॅसिड जातच नाही. म्हणून कॅबिनेट आधी, अ‍ॅसिड नंतर. आणि साध्या पोलादासाठी मण्यांचा डबा वेगळा, यात तडजोड नाही.

उरलेला अर्धा प्रश्न २४ तासांचा. सात नंबर सहा तास टिकलं, दिवसभर टिकेलच असं नाही. बेत असा होता की ब्लास्टवर स्टोनवॉश द्यायचा, म्हणजे पातं खड्यांबरोबर घुसळायचं; त्यानं टोकं दबतात, खळगे उथळ होतात आणि पाणी धरायला जागा कमी राहते. पण त्यात मॅटची खोली जाते आणि मला तीच आवडते. आत्ता लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. शेवटचा हात बारीक मण्यांचा, २५ पीएसआयवर, जरा लांबून दिला तर? मोठ्या मण्यांनी पाडलेल्या कडा बारीक मणी ठोकून बसवतील आणि मॅट तशीच राहील. स्टोनवॉश थांबला, आधी हे करून पाहतो.

डी२ पोलादाचं पातं मात्र मॅट करायच्या यादीतून काढतोय. क्रोमियम १२ टक्के असलं तरी कार्बन दीड टक्का. बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्येच अडकतं, त्यावर मॅट फिनिश म्हणजे गंजाला निमंत्रण. समुद्रावर न्यायच्या सुरीसाठी १४सी२८एन हे स्टेनलेस घेतो, १४ टक्के क्रोमियम आणि वर नायट्रोजन.

उरलेल्या एका पट्टीचे तीन तुकडे कापून ठेवलेत. अर्ध्या भागावर टेप चिकटवली आहे, म्हणजे बारीक मण्यांचा हात एकाच बाजूला बसेल आणि फरक एकाच तुकड्यावर दिसेल. कॉम्प्रेसर भरायला लावलाय.