डनिडिनचे चढ आणि चार ट्रॅकची टेप

न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चहून डनिडिन साधारण 360 किलोमीटर. वहिनीला अल्बट्रॉस हे समुद्रपक्षी बघायचे होते, पोरांना बाल्डविन स्ट्रीट चढायचा होता (जगातला सगळ्यात उभा चढ म्हणे, पोरं वरपर्यंत गेली, मी अर्ध्यातच फोटो काढायच्या निमित्ताने थांबलो) आणि मला मात्र हे गाव द क्लीन आणि द चिल्स या इथल्या बँडमुळे बघायचं होतं. दादा म्हणाला, बँडसाठी कोण एवढं लांब येतं रे?

गाव स्कॉटिश लोकांनी वसवलेलं, 1848 सालचं, मधोमध ऑक्टॅगन नावाचा अष्टकोनी चौक आणि तिथे कवी रॉबर्ट बर्न्सचा पुतळा. बाकी सगळीकडे चढउतार, बोचरा वारा आणि विद्यार्थी. युनिव्हर्सिटीच्या आसपास जुनी लाकडी घरं आहेत, भाड्याने राहणाऱ्या पोरांची, कुठे कुठे व्हरांड्यात सोफा टाकलेला. थंडीत आत बसून गिटार वाजवण्यापलीकडे इथे कोण काय करणार, असं मला बघताक्षणी वाटलं.

आता जरा मागे जातो. 1977 च्या सुमारास क्रिस नॉक्सच्या द एनिमी या बँडने इथे पंक (रांगडं, वेगवान रॉक) आणलं, ते बघून हेमिश आणि डेव्हिड किलगोर या भावांनी 1978 मध्ये द क्लीन सुरू केला. मग 1981 मध्ये क्राइस्टचर्चच्या एका रेकॉर्डच्या दुकानात काम करणाऱ्या रॉजर शेफर्डने फ्लाइंग नन ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि क्लीनचं 'टॅली हो!' हे गाणं 50-60 डॉलरमध्ये रेकॉर्ड होऊन चक्क न्यूझीलंडच्या टॉप 20 मध्ये गेलं. त्यातला तो किरकिरा ऑर्गन वाजवलाय मार्टिन फिलिप्सने, म्हणजे पुढे ज्याने चिल्स गाजवला तोच. 1982 मध्ये 'डनिडिन डबल' ही दोन तबकड्यांची रेकॉर्ड आली, चार बँड, चार बाजू, आणि रेकॉर्डिंग कुठे तर नॉक्सच्या चार ट्रॅकच्या (म्हणजे चारच आवाज वेगवेगळे टिपणाऱ्या) टेपमशीनवर. भारी स्टुडिओ परवडत नव्हता आणि तशी वाटही कोणी बघत बसलं नाही.

मला वाटतं मजा तिथेच आहे. गिटार खणखणत राहते, ड्रम एकाच चालीत पुढे सरकतात, गाणारा जेवढ्यास तेवढं गातो आणि मिक्सिंगमध्ये थोडी धूळ तशीच राहिलेली असते. आळशी वाटतं पण आळशी नाहीये ते, चाली इतक्या पक्क्या की दोनदा ऐकलं की डोक्यातून जात नाहीत. या संगीताला पडलेलं 'डनिडिन साउंड' हे नाव यातल्या बऱ्याच जणांना आवडत नाही म्हणे, आणि खरंच चिल्सचं आणि क्लीनचं एकसारखं काहीच नाही, पण बाहेरच्यांना शिक्का लागतोच. पुढे अमेरिकेत पेव्हमेंट, यो ला टेंगो या बँडनी हे सगळं मन लावून ऐकलं.

संध्याकाळी हार्बरच्या कडेने पोर्ट चाल्मर्सला गेलो. गाडीत मी चिल्सचं 'पिंक फ्रॉस्ट' लावलं. यात ड्रम वाजवणारा मार्टिन बुल 1983 मध्ये ल्युकेमियाने गेला, गाणं बाहेर आलं 1984 मध्ये. त्याने आपलं लेदर जॅकेट फिलिप्सला दिलं होतं आणि त्यावर चिल्सचं वेगळं गाणंच आहे. फिलिप्स स्वतः 2024 मध्ये गेला, हेमिश त्याच्या आधी 2022 मध्ये. दादाने आवाज थोडा वाढवला, बोलला काही नाही, पोरं मात्र मागून ओरडली की काका हे बोअर आहे, म्हणून मग 'टॅली हो!' लावलं तर दोघं सीटवर उड्या मारायला लागली. तुम्ही पण तिथूनच सुरू करा, पिंक फ्रॉस्ट नंतर. आणि जानेवारीत, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर न्या.