फसणारा भोळा नसतो

गुरुवार, मुंबई

कुणी फसलं की आपण ‘भोळा होता बिचारा’ म्हणून मोकळे होतो. पण ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे भामट्यांनी व्हिडिओ कॉलवर केलेल्या खोट्या अटकेच्या, धाकाने आयुष्याची पुंजी गमावणाऱ्यांत निवृत्त बँकवाले, शिक्षक, डॉक्टर आहेत. हिशेबाला पक्की माणसं.

फोन कुरिअर कंपनीच्या नाहीतर टेलिकॉम खात्याच्या नावाने येतो. तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, म्हणतात. समोरच्याने सांगितलेलं तुमचं नाव, पत्ता, आधारचे शेवटचे चार आकडे बरोबर असतात, आणि त्या खऱ्याच्या जोरावर बाकीचं खोटं खपतं. मग व्हिडिओ कॉल, खाकी वर्दी, शिक्का मारलेली नोटीस. लगोलग अट: कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला काही सांगायचं नाही. मला सगळ्यात घातक वाटते ती ही अट. पैसे नंतर जातात, आधी माणूस एकटा पडतो. शेजारच्या खोलीतून सुनेने नुसतं ‘बाबा, कोणाशी बोलताय?’ विचारलं तरी सगळं उघडं पडेल, हे भामट्यांना पक्कं ठाऊक असतं.

पुढे ‘पडताळणीसाठी’ एफडी मोडायला लावतात. रक्कम आरटीजीएसने पाठवायची. बँकेत कुणी हटकलंच तर काय सांगायचं, तेही पढवलेलं असतं: घर घेतोय, नातेवाइकाचं ऑपरेशन आहे. म्हणजे काउंटरवरचं खोटं फसणाऱ्याच्याच तोंडून वदवून घेतात. कायद्याला भिणारा, वर्दीला मान देणारा, मुलांना त्रास नको म्हणणारा माणूस. त्याच्या याच चांगुलपणाला ते हात घालतात, याची मला फार चीड येते.

डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. फोन कापा, घरातल्या एकाला तरी सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक), रक्कम, वेळ हाताशी ठेवा. ते पैसे भाड्याने घेतलेल्या खात्यांत तुकड्या-तुकड्यांनी फिरवले जातात. वेळेत कळलं तर खातं गोठवून उरलेली रक्कम अडवता येते. बहुतेकदा घात होतो तो इथे: लाजेपायी माणूस रात्रभर गप्प बसतो. ‘एवढे शिकलेले, तुम्ही कसे फसलात?’ हे घरच्यांनी त्या वेळी विचारू नये. आधी १९३०, मग बँक, मग पोलीस ठाणं. आणि चॅट, नोटिशीचे फोटो, आलेले नंबर, काहीही डिलीट करू नये.