पुराव्याच्या फोटोत आमची रांगोळी

दिवाळीच्या आठवड्यात सांगलीहून आईने पाठवलेल्या फराळाची वाट पाहत असताना दारात एक खोके येऊन पडले आणि त्यावरचे लेबल न वाचताच मी ते सुरीने कापले. आत चकल्या नव्हत्या, महागडे हेडफोन होते. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमच्या घरी आठवड्याला चार-पाच खोकी येतच असतात, त्यामुळे ते नवऱ्याने मागवले असतील असे मी धरून चालले, मी मागवले असतील असे तो धरून चालला, आणि हेडफोन दोन दिवस ओट्यावर पडून राहिले.

तिसऱ्या दिवशी बुटांचे दोन जोड आले, तेही १२ नंबरचे, असे खोक्यावरच छापलेले होते. एवढा मोठा पाय आमच्या घरात कोणाचाच नाही, म्हणून या वेळी मी खोके न फोडता लेबल नीट वाचले. माझे नाव, मग नवऱ्याचे नाव, मग आडनाव, असे आपल्याकडे शाळा-सरकारात लिहितात तसे पूर्ण नाव तिथे छापलेले होते. इथल्या कोणत्याही दुकानाला मी मधले नाव सांगत नाही. ते माझ्या पासपोर्टवर आणि फार पूर्वी काढलेल्या एकाच क्रेडिट कार्डावर आहे. त्या कार्डाचे खाते उघडले, तेव्हा मी न केलेले चार व्यवहार दिसले. पहिला जेमतेम एका डॉलरचा, म्हणजे कार्ड चालते की नाही हे चाचपून पाहणारा. त्यानंतर हेडफोन, बूट, आणि अजून न आलेला एक फोन.

शेजारच्या काकांना ही हकीकत सांगितली, तर ते म्हणाले, ‘अहो, न मागवलेली वस्तू घरी आली की ती भेट समजायची, कायदाच आहे तसा.’ काकांचे म्हणणे निराधार नव्हते. अमेरिकेत १९७० पासून तसा कायदा आहे आणि न मागवता टपालाने आलेली वस्तू पैसे न देता ठेवून घेता येते. २०२० च्या उन्हाळ्यात इथे असंख्य घरांत चीनमधून बियांची पाकिटे आली, तेव्हा ती पेरू नका असे कृषी खात्याला सांगावे लागले होते. त्या प्रकाराला ‘ब्रशिंग’ म्हणतात: विक्रेता खोटी ऑर्डर दाखवून कोणाच्याही पत्त्यावर क्षुल्लक वस्तू पाठवतो आणि खऱ्या गिऱ्हाइकाच्या थाटात स्वतःच स्वतःची स्तुती लिहितो. त्यात आपला पत्ता वापरला जातो, कार्डाला हात लागत नाही. आमच्याकडे आलेली वस्तू मात्र माझ्याच पैशांनी घेतलेली होती, आणि ती भेट म्हणून ठेवायची व तिचे पैसेही परत मागायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदणाऱ्या नाहीत.

चोराने माल माझ्याच घरी का पाठवावा, हे कोडे मला बराच वेळ सुटेना. त्याचे उत्तर पत्ता पडताळणीत आहे. ऑनलाइन खरेदीच्या वेळी दुकान गिऱ्हाइकाने दिलेल्या पत्त्यातले आकडे, म्हणजे घरक्रमांक आणि झिप कोड (इथला पिनकोड), बँकेकडच्या नोंदीशी ताडून पाहते. कार्ड एका पत्त्यावरचे आणि माल दुसरीकडे, असे दिसले की दुकानाला संशय येतो. दोन्ही पत्ते एकच असले की ऑर्डर सहसा बिनबोभाट पुढे सरकते. मग चोर कुरिअरचा माग पाहत राहतो आणि खोके वाटेत दुसरीकडे वळवतो किंवा पोचताक्षणी दारातून उचलतो. आमच्याकडची पहिली दोन खोकी त्याच्या हातून निसटली, कारण मी त्या दिवसांत घरून काम करत होते.

फोनच्या वेळी तो आलाच. कुरिअरची गाडी कोपऱ्यावर वळते न वळते तोच हुडी घातलेला एक विशीतला मुलगा पायऱ्या चढून वर आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला की, त्याचे पार्सल चुकून आमच्याकडे आले आहे. मोबाइलवर त्याने माग काढण्याचा क्रमांकही दाखवला, आणि तो खरा होता. मी दार उघडलेच नाही, काचेआडूनच नकार दिला. तो ‘हॅव अ गुड डे’ म्हणून निघून गेला. त्यानंतर मात्र माझे हात बराच वेळ थरथरत होते. त्याच संध्याकाळी पोलिसांत तक्रार नोंदवली.

बँकेने फोनवर कार्ड लगेच बंद केले, रक्कम तात्पुरती परत जमा केली आणि मी निर्धास्त झाले. तीन आठवड्यांनी पत्र आले की, हेडफोनचा दावा फेटाळला आहे. सोबत दुकानाने पाठवलेला पुरावा होता: पत्ता जुळतो, नाव जुळते, आणि माल पोचल्याचा हा फोटो. फोटोत आमचे दार, आमचे पायपुसणे, आणि खोक्याच्या कोपऱ्याखाली अर्धी दबलेली, मी सकाळी काढलेली ठिपक्यांची रांगोळी. चोराने माझा पत्ता वापरला होता आणि आता तोच पत्ता माझ्याविरुद्ध साक्ष देत होता. त्यात खोके मी स्वतः फोडलेले.

इथून पुढे फोन करणे सोडून मी कागदावर आले, आणि ते पहिल्याच दिवशी करायला हवे होते. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्यानुसार अशा गैरवापराची ग्राहकावरची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलरची असते; पण बिलाबद्दलच्या तक्रारीचे पूर्ण संरक्षण हवे असेल, तर ती चूक असलेले पहिले स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी पत्र बँकेने तक्रारींसाठी दिलेल्या पत्त्यावर पोचावे लागते. बिल भरायचा पत्ता त्यासाठी चालत नाही. बँकेने ३० दिवसांत पोच आणि फार तर ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. दुसऱ्या एका कायद्याने, ज्याची ओळख चोरली गेली त्याला त्या व्यवहाराचे कागद दुकानाने विनामूल्य द्यावे लागतात. पोलीस तक्रारीची प्रत जोडून मी ते मागवले. ऑर्डरवरचा ईमेल आणि फोन नंबर आमच्यापैकी कोणाचाच नव्हता. हेडफोन दुकानाकडे परत पाठवल्याची पावती, हे कागद आणि पत्र असे सगळे पोचपावतीसह पाठवल्यावर जानेवारीत रक्कम कायमची परत मिळाली.

लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही क्रेडिट ब्युरोंना माझी नोंद गोठवायलाही मी सांगितले. २०१८ पासून त्याला पैसे पडत नाहीत, पण त्याने फक्त नवी कर्जे आणि नवी कार्डे अडतात, चालू कार्डाचा गैरवापर अडत नाही. आणखी एक गंमत अशी की, बंद केलेल्या कार्डावर चोराने सुरू केलेली एक मासिक वर्गणी नव्या कार्डावरही येऊन बसली, कारण नेहमीच्या वसुल्या अडू नयेत म्हणून बदललेला क्रमांक दुकानांना आपोआप कळवण्याची सोय कार्ड कंपन्यांनी केलेली असते. ती सोय बंद करा, असे वेगळे सांगावे लागले.

हे सगळे आईला फोनवर सांगितले, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, ‘अगं, पण ओटीपी कसा आला नाही?’ भारतात कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला २००९ पासून दुसरी पडताळणी लागते. इथे बहुतेक दुकाने कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावरच माल देतात, हे ऐकून ती म्हणाली, ‘आणि तुम्ही स्वतःला पुढारलेले म्हणवता!’ मला उत्तर सुचले नाही.

फोन दुकानाने परत नेला. बूट पाठवणाऱ्या दुकानाला मी दोनदा कळवले, पण परतीचे लेबल काही आले नाही. ते खोके अजून तळघरात आहे, चिकटपट्टी न फोडलेले, वर तक्रारीचा क्रमांक आणि तारीख लिहिलेला कागद डकवून ठेवलेले.