रिकाम्या कुंडीची राखण

आमच्याकडे जानेवारीत आलेल्या माणसाला हॉलच्या कोपऱ्यातल्या दोन कुंड्यांचं कोडं पडतं. आत नुसती माती, तीही कोरडीठाक. कुणी विचारतं, "झाड मेलं वाटतं?" कुणी न विचारताच ग्लासातलं उरलेलं पाणी ओतायला जातं. कामाला येणाऱ्या मावशींनी तर एकदा प्रेमाने त्यात मनी प्लांटची फांदी खोचली होती. शेवटी मी दोन्ही कुंड्यांवर पाटीच लावली: "आत झाड झोपलंय. पाणी घालू नये."

झोपलाय तो सापकांदा. पांढरा सापकांदा, शास्त्रीय नाव अरिसीमा मुराई. पावसाच्या सुरुवातीला वाईहून पसरणी घाटाने पाचगणी-महाबळेश्वरकडे गेलात तर कडेच्या झाडोऱ्यात पांढरे फणे काढून उभे असलेले दिसतात, ते हेच. मुंबई परिसरातल्या वनस्पतींची जी यादी जॉन ग्रॅहमने केली, १८३९ची, तिच्यात याची पहिली नोंद आहे. हे झाड आपल्या पश्चिम घाटाबाहेर कुठे सापडत नाही. म्हणजे घरात ठेवायला दुर्मीळ काहीतरी हवं म्हणून थायलंडहून आलेली महागडी पानं घेणाऱ्यांनी आपल्याच डोंगरावर काय उगवतं ते एकदा बघावं.

बघावं म्हटलं, उपटून आणावं म्हटलं नाही. राखीव जंगलातून रोप काढणं हा गुन्हा आहे, आणि कासच्या पठारावर तर उगाच कुठे पाऊलही टाकू नये. माझे गड्डे वहिनीच्या भिलारच्या शेतातले. बांध रुंद करायला तिने मे महिन्यात जेसीबी लावला होता. मातीच्या ढिगाऱ्यात चपटे, तपकिरी गड्डे उघडे पडले होते. वहिनी म्हणाली, "ताई, कुठे नेताय ही रानटी भानगड पुण्याच्या फ्लॅटमध्ये?" मी पिशवी भरून घेतली.

पुण्यात हे झाड जगेल का, असा विचार करताना आधी पावसाचा हिशोब मांडला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात सातशेच्या आसपास. पण मग जंगलात हे झाड नेमकं कुठे वाढतं ते आठवलं: उतारावर, बांधाच्या कडेला, जांभ्याच्या खाचांत. एवढं पाणी पडतं पण थांबत नाही. त्याला पाणी हवं असतं, पाण्यात बसायचं नसतं. म्हणून मातीत कोकोपीट अजिबात नाही. ते ओलं धरून ठेवतं आणि गड्डा आतून मऊ पडतो. दोन भाग पूर्ण कुजलेला पालापाचोळा, एक भाग लाल माती, एक भाग विटांचा चुरा नाहीतर बारीक खडी. कुंडी भाजलेल्या मातीचीच, आणि खालचं भोक खापराच्या तुकड्याने झाकलेलं.

लावताना एक गोष्ट लक्षात ठेवायची, जी रोपवाटिकेत सहसा कुणी सांगत नाही. या गड्ड्याला मुळं खालून नाही, वरून फुटतात, कोंबाच्या भोवतीने. म्हणून वरवर लावलं तर मुळांना माती मिळत नाही. गड्ड्यावर निदान त्याच्या उंचीच्या दुप्पट तरी माती हवी. कोंबाची बाजू वर. कळत नसेल तर आडवा ठेवा, तो आपला आपण वळतो.

मेच्या शेवटी, एखाद्या वळवाच्या पावसानंतर, मी कुंड्या स्वयंपाकघराच्या गॅलरीत नेते. ती पूर्वेची. सकाळचं कोवळं ऊन येतं, दुपारी सावली. मग पहिलं पाणी. थोड्या दिवसांनी टोकदार कोंब वर येतो आणि आधी फुलोरा येतो, पान मागून. तो फणा म्हणजे पाकळी नव्हे. खरी फुलं बारीक, आत नळीच्या तळाशी दांड्याला चिकटलेली. पांढरा फणा त्यांच्यावर झुकलेला असतो, नळीत पाणी भरू नये म्हणून. घशाशी जांभळट झाक. आमची नात त्याच्यासमोर बसून "हा चावतो का?" विचारत असते. चावत नाही, पण तोंडात घातला तर बरं नाही, ते पुढे सांगते.

कुंडीत चिलटं झाली की लोक पिवळे चिकट कागद टांगतात. मी या दिवसांत टांगत नाही. कारण ही ओल्या पालापाचोळ्यात वाढणारी बारीक चिलटंच या वंशाचं परागीभवन करतात. नळीत उतरलेल्या चिलटाला गुळगुळीत भिंतीवरून वर चढता येत नाही. बऱ्याच जातींत नर फुलोऱ्याच्या तळाशी एक फट असते, तिथून ते अंगावर पराग घेऊन निसटतं. मादी फुलोऱ्याला ती फट नसते. तिथे गेलेलं चिलट परागकण देऊन आतच मरतं. एवढी निर्दय व्यवस्था आपल्या भांडी घासायच्या मोरीशेजारी चालू असते आणि घरातल्या बाकी कुणाला पत्ता नसतो. यजमानांना सांगितलं तर म्हणाले, "बिचारं चिलट." आणि पेपर वाचायला लागले.

नर आणि मादी ही वेगळी झाडं नव्हेत, हेही ऐकण्यासारखं. गड्डा लहान असला की नर फुलोरा येतो, चांगला पोसला की तेच झाड मादी होतं. फळं धरण्यात दमलं की पुन्हा नर. फ्लॅटमधल्या चिलटांवर माझा फारसा भरवसा नव्हता, म्हणून एका पावसाळ्यात नातीच्या रंगाच्या ब्रशने नराच्या नळीच्या तळाचा पराग उचलला आणि मोठ्या कुंडीतल्या मादीला लावला. भाद्रपदात मक्याच्या कणसासारखा घोस धरला, हिरव्याचा लाल झाला. पुढच्या वर्षी त्याच कुंडीत छोटासा नर फुलोरा! गड्डा काढून पाहिला तर खरंच आक्रसला होता. आता फळ धरू द्यायचं की नाही हे आधी गड्डा बघून ठरवते.

फणा वाळतो तोवर पान उघडलेलं असतं. बहुधा एकच पान, छत्रीसारखं गोल पसरलेलं. घरात उजेड कमी पडला तर देठ लांबतो आणि पान कलंडतं, म्हणून मी बांबूची काडी लावते. या काळात पाणी चुकवायचं नाही. पुण्याचा पाऊस मध्येच दडी मारतो, तेव्हा रोज बोटाने माती बघायची. खत म्हणजे महिन्यातून एकदा मूठभर शेणखत, बस्स.

आता ते तोंडात घालायचं प्रकरण. सापकांदा हा सुरणाचा, अळूचा, शेवळाचा भाऊबंद. सगळ्यांच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक, त्यांनीच घसा खाजतो. ठाण्या-डोंबिवलीच्या बाजारात जूनमध्ये शेवळं मिळतात, त्यांची भाजी काकडं नावाची आंबट रानफळं घालून करतात ती याच खाजेवर उपाय म्हणून. पण सापकांदा खायचा नाही, कितीही काकडं असली तरी. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंच ठेवा. त्या लाल फळांची भुरळ पडते. बी काढताना गर धुऊन टाकावा लागतो, तेही हातमोजे घालूनच.

सप्टेंबरच्या शेवटी पान पिवळं पडायला लागलं की पाणी कमी, आणि ते लोळलं की बंद. खरी कसोटी तेव्हा सुरू होते. आपल्याला झाडाची निगा म्हणजे काहीतरी घालणं, पुसणं, हलवणं वाटतं. इथे हात मागे घेऊन बसायचं असतं. कुंडी तापणार नाही अशा कोपऱ्यात हवी, कारण एप्रिलमध्ये पुण्याच्या गच्चीवर ती भट्टी होते. जंगलात पालापाचोळ्याखाली एवढी धग लागत नाही. शिवाय गच्चीवर सोसायटीचा माळी पाइप घेऊन फिरतो आणि त्याला पाटी वाचायची सवय नाही. म्हणून हॉलचा कोपरा.

गड्ड्याला बाजूने पिल्लं फुटतात, ती मागायला ओळखीपाळखीतले येतात. देते मी, पण दिवाळीनंतर, सुकलेली, वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि मेपर्यंत हात लावायचा नाही या अटीवर. खालच्या मजल्यावरच्या एकीने नेली होती. फेब्रुवारीत लिफ्टमध्ये भेटली, काळजीत. "काकू, रोज न चुकता पाणी घालतेय हो, अजून काहीच येत नाही." तिला आता दुसरं पिल्लू दिलंय, पण या वेळी तिच्या सासूबाईंच्या हातात. त्या गुहागरच्या. कुंडी बघून म्हणाल्या, "असू दे पडलेलं, येईल पावसात."