आमच्याकडे न आलेलं रीळ

इटलीत मिलानहून बोलोन्याला गाडी तासाभरात पोचते. तेवढ्यात आमची दोन भांडणं झाली. पहिलं खिडकीच्या जागेवरून. ते लगेच मिटलं, खिडकी काकांना दिली. दुसरं मात्र पुढचे आठ दिवस चाललं: जो सिनेमा पडतो, तो वाईटच असतो का?

आम्ही तिघं होतो. मी, माझा कॉलेजपासूनचा मित्र आणि त्याचे सख्खे काका. काका पंच्याहत्तरीला टेकलेत. जवळजवळ सगळी नोकरी त्यांनी थिएटरच्या केबिनमध्ये काढली, ऑपरेटर म्हणून. जून 2025 मध्ये बोलोन्याला 'शोले' मोठ्या चौकात दाखवणार आहेत, तोही न कापलेला, हे पुतण्यानं त्यांना फोनवर सांगितलं. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पासपोर्टला किती दिवस लागतात रे?"

बोलोन्यात 1986 पासून दर उन्हाळ्यात 'इल चिनेमा रित्रोवातो' हा महोत्सव भरतो. नावाचा अर्थ 'सापडलेला सिनेमा'. स्पर्धा नाही, नव्या चित्रपटांची धावपळ नाही. हरवलेले, कापलेले, गोदामात सडत पडलेले चित्रपट दुरुस्त करून इथे आणतात. दुरुस्तीची प्रयोगशाळाही याच गावात आहे, लिम्माजिने रित्रोवाता नावाची. आपल्याकडच्या दिग्दर्शकांच्या कितीतरी चित्रपटांवर तिथे हात फिरलाय: ऋत्विक घटक यांचा 'तिताश एकटि नदीर नाम', अरविंदन यांचा 'थम्प', नीरद महापात्र यांचा 'माया मिरिग'.

पहिल्या दिवशी उन्हातून चालताना कळलं की हे गाव सिनेमावेड्यांसाठीच बांधलेलं असावं. रस्त्यांच्या कडेनं मैलोन्‌मैल कमानींच्या छताखालचे पदपथ आहेत. त्यांच्या सावलीत एका थिएटरमधून दुसऱ्यात जायचं आणि वाटेत नुकतं पाहिलेलं भांडून संपवायचं. मित्राची भांडायची पद्धत ठरलेली. गेल्या महिन्यात पाहिलेले चार नवे चित्रपट त्यानं दोन-दोन वाक्यांत निकालात काढले आणि वर म्हणाला, "सगळे पडले. पब्लिक मूर्ख नसतं."

मी 'द नाइट ऑफ द हंटर'चं नाव काढलं. चार्ल्स लॉटन, एवढा मोठा नट, 1955 साली एकच चित्रपट दिग्दर्शित करतो. तो साफ आपटतो. पुढे 1962 मध्ये लॉटन जातो आणि तोवर पुन्हा चित्रपट दिग्दर्शित करत नाही. आज तोच चित्रपट पाहून लोक कॅमेरा कुठे ठेवायचा हे शिकतात. मग 1955 च्या पब्लिकचं काय चुकलं? मित्र म्हणाला, "चुकलं नाही. त्यांना तेव्हा नाही आवडला, एवढंच." हे उत्तर मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. त्या न आवडण्याची किंमत लॉटननं मोजली, प्रेक्षकांनी नाही. 'कागज़ के फूल' 1959 मध्ये पडला आणि त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून पडद्यावर स्वतःचं नाव लावलं नाही. व्ही. के. मूर्तींनी टिपलेला तो स्टुडिओतला उन्हाचा झोत आज ज्याच्या-त्याच्या तोंडी आहे. गुरुदत्त यांना, ते जाण्याआधीच्या पाच वर्षांत, हे कुणी सांगितलं असतं तर!

काका या वादात पडत नव्हते. ते थिएटरात शिरले की पडद्याकडे पाठ करून आधी मागे, प्रोजेक्शनच्या खिडकीकडे बघायचे. मग बसायचे.

मिकिओ नारुसे यांच्यावर आमचं एक अख्खं दुपारचं चालणं खर्ची पडलं. जपानी सिनेमा म्हटलं की कुरोसावा, ओझू, मिझोगुची ही तीन नावं येतात आणि चौथ्याशी गाडी अडते. नारुसेंनी 1930 ते 1967 या काळात ऐंशीहून जास्त चित्रपट केले. सुरुवातीच्या स्टुडिओत त्यांना ऐकवलं गेलं म्हणतात, की आम्हाला दोन ओझू नकोत. त्यांचे दोन जुने चित्रपट इथे सलग पाहिले आणि मला ती तुलनाच उलटी वाटायला लागली. ओझूंची माणसं शेवटी नशिबाशी जुळवून घेतात. नारुसेंच्या बायका जुळवून घेत नाहीत. त्या उठतात, पदर सावरावा तशा किमोनोची बाही सावरतात आणि कामाला जातात. पैशाचा हिशेब त्यांच्या डोक्यात सतत चालू असतो. मित्राला चित्रपट संथ वाटले. पण रात्री झोपायच्या आधी तोच म्हणाला, "ती जिना चढते ना, ते काही जात नाही डोक्यातून." मी काही बोललो नाही.

लुईस माइलस्टोन यांच्या बाबतीत मात्र आमचं एकमत झालं, म्हणून त्यावर फार बोलणं झालं नाही. 1930 च्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'साठी ऑस्कर मिळवलेला हा दिग्दर्शक आज कुणाच्याही यादीत नसतो, हे बरोबर नाही.

तिसऱ्या की चौथ्या रात्री आम्ही पियाझ्झेत्ता पासोलिनीत गेलो. दिग्दर्शक पासोलिनींचा जन्म याच गावचा, 1922 चा. चिनेतेकाच्या, म्हणजे इथल्या चित्रपट संग्रहालयाच्या, इमारतींमधलं हे छोटं अंगण. तिथे जुनं कार्बन आर्कचं मशीन उघड्यावर, लोकांच्या मधोमध मांडून मूकपट दाखवतात. आम्ही जागा शोधत होतो आणि काका दिसेनात. ते मशीनपाशी उभे होते. कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींना टेकवून किंचित लांब केल्या की मधे ज्योत पेटते. कांड्या जळत जातात, म्हणून अंतर सारखं सांभाळावं लागतं. नाहीतर पडद्यावर उजेड पिवळा पडतो आणि खालून शिट्ट्या येतात. मशीन चालवणाऱ्या तरुण मुलीचा हात त्या चाकावर होता. काकांचा हात हवेतच तिच्याबरोबर तसूतसू फिरत होता. इटालियन त्यांना येत नाही, मराठी तिला. मधेच त्यांनी कांडीकडे बोट दाखवून मान हलवली, तिनं हसून अंतर जुळवलं, आणि पडदा पुन्हा पांढराशुभ्र झाला.

परतताना काका पहिल्यांदा आमच्या वादात बोलले.

"तुम्ही दोघं पडला-चालला करताय. माझ्याकडे यायचे ते रिळांचे डबे. हिट सिनेमाचे डबे सगळ्यात वाईट. दहा गावं फिरून आलेले, ओरखडेच ओरखडे, सांधे निघालेले, गाण्याचं रीळ तर चाळणी झालेलं. पडलेल्या सिनेमाची प्रिंट कशी? कोरी करकरीत. एक आठवडा चालवली की परत."

मला तिथे थांबावंसं वाटलं. इतकी वर्षं मी पडलेल्या चित्रपटांची बाजू घेत आलो, पण हे कधी सुचलं नव्हतं. 'आलम आरा'. 14 मार्च 1931, मॅजेस्टिक थिएटर, गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. आपला पहिला बोलपट, आणि आज त्याची एकही प्रिंट शिल्लक नाही. 'राजा हरिश्चंद्र'ची थोडीच रिळं उरली आहेत. दुसरीकडे 1939 मध्ये पॅरिसच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवलेला ज्यां रन्वार यांचा 'ला रेग्ल द्यु ज्यु' बघा. आधी कापला, मग बंदी आली, पुढे बॉम्बहल्ल्यात मूळ निगेटिव्हही गेलं. तरी सुटे तुकडे गोळा करून तो 1959 मध्ये पुन्हा उभा केला. बार्बरा लोडेन यांनी 'वांडा' हा पूर्ण लांबीचा एकच चित्रपट दिग्दर्शित केला, तो फारसा कुठे लागलाही नाही, आणि 1980 मध्ये त्या गेल्या. बंद होणाऱ्या एका लॅबमधून त्याचं निगेटिव्ह कुणीतरी वेळेत उचललं, म्हणून आज 'वांडा' आहे. नीरद महापात्र यांचाही पूर्ण लांबीचा चित्रपट एकच, तो 'माया मिरिग'. त्याचं निगेटिव्ह फार वाईट अवस्थेत होतं. दुरुस्त होऊन तो आदल्या वर्षी इथेच लागला होता, पण तोवर महापात्र राहिले नव्हते.

गल्ला आणि डबा, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दिग्दर्शक दुर्लक्षित राहिला तर पन्नास वर्षांनी त्याच्याकडे लक्ष देता येतं, पण डबा जागेवर पाहिजे. मित्रही यावर गप्प झाला. थोड्या वेळानं म्हणाला, "मग आपण इतके दिवस चुकीच्या गोष्टीवर भांडतोय."

27 जूनला शुक्रवार होता. 'शोले' पहिल्यांदा लागला तो 15 ऑगस्ट 1975 हाही शुक्रवारच. आणीबाणी लागून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. पहिल्या आठवड्यात धंद्यातल्या जाणकारांनी त्याला पडेल ठरवलं होतं. काका सांगत होते, "आमच्याकडे आधी बातमी आली, पडला म्हणून. मालकानं कपाळावर हात मारला. नंतर पेट्या आल्या, तेव्हा बाहेर चौकापर्यंत रांग."

पियाझ्झा माज्जोरे, म्हणजे तो मोठा चौक, संध्याकाळीच भरायला लागला. खुर्च्या संपल्या, लोक दगडी पायऱ्यांवर बसले, मागचे उभे राहिले. मूळ निगेटिव्ह खराब झालेलं. ब्रिटनमधल्या एका गोदामात सापडलेली रिळं हाताशी आली, त्यांच्या आधारानं हे तीन तासांहून मोठं काम उभं राहिलं होतं. अंधार पडला आणि आर. डी. बर्मन यांची ती गिटार अख्ख्या चौकात घुमली. शेजारची इटालियन बाई वाक्यं खालच्या अक्षरांतून वाचत होती. आमच्या मागची चार मुलं मात्र अमजद खान यांच्या आधीच ती म्हणत होती. मित्र काकांकडे बघत होता. काकांची बोटं मांडीवर होती, आणि साधारण दर वीस मिनिटांनी त्यांची नजर पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात जायची. रीळ बदलायची खूण तिथे यायची ना. या प्रतीत ती नाही.

शेवट आला. ठाकूर, गब्बर, खिळ्यांचे बूट. आम्हा सगळ्यांना पाठ असलेला शेवट असा, की इथे पोलीस येतात आणि ठाकूरला अडवतात. सेन्सॉरनं तेव्हा तो तसा करायला लावला होता. या रात्री पोलीस आले नाहीत. ठाकूरनं जे करायचं होतं ते केलं, आणि मग संजीव कुमार रडले. आम्ही आधी कधीच न पाहिलेलं ते रडणं चौकातल्या हजारो माणसांनी अगदी शांतपणे पाहिलं.

काका पुढे वाकले होते. दिवे लागल्यावरही तसेच बसून राहिले. पुतण्यानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते हळूच म्हणाले, "किती वेळा चालवला असेल मी हा. हे रीळ आमच्याकडे आलंच नव्हतं."