ते वाक्य तसंच राहिलं

संदर्भसूचीतल्या ज्या नोंदी सर्वांत नीटनेटक्या दिसतात, त्या मी हल्ली आधी तपासते. ही सवय एका लेखानं लावली, आणि तो लेख अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मी इंग्रजी संशोधन-नियतकालिकांसाठी संदर्भांचं संपादन करते. लेखकानं दिलेली सूची नियतकालिकाच्या शैलीत बसवायची, मजकुरातला प्रत्येक उल्लेख सूचीत आणि सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात आहे ना ते जुळवायचं. मोबदला शब्दांवर मिळतो. स्रोत खरा आहे का हे बघण्याचे पैसे कुणी देत नाही आणि त्यासाठी कुणाला नेमलेलंही नसतं. रिव्ह्यूअर युक्तिवाद बघतो, संपादक रिव्ह्यूअरचा अहवाल बघतो. सूची ओळीनं वाचणारी शेवटची व्यक्ती बहुतेक वेळा मीच असते.

लेख पेशवेकालीन पुण्यातल्या सावकारीवर होता. लेखक एका कॉलेजात इतिहास शिकवणारे. शैली एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं ठरवलेली संदर्भ देण्याची पद्धत, सातवी आवृत्ती. सूचीचा मोठा भाग पार विस्कटलेला होता. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड सूचीत १८२० सालचा झाला होता, कारण तो आकडा शकाचा. शके १८२० म्हणजे इसवी १८९८. बहुतेकदा ७८ मिळवून भागतं, पण पुस्तक फाल्गुनात छापलं असेल तर ७९ मिळवावे लागतात, म्हणून मुखपृष्ठावर महिना दिलाय का हे शोधावं लागतं. सरदेसायांनी संपादलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांपैकी काहींचे हवाले पानांऐवजी पत्रांच्या क्रमांकानं दिलेले, राजवाड्यांचे लेखांकानं, म्हणजे खंडातल्या प्रत्येक कागदाला दिलेल्या क्रमांकानं. इतिहासाच्या लोकांची हीच रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे, कारण पुनर्मुद्रणात पानं बदलतात, लेखांक बदलत नाही. शैलीत मात्र सहसा पानं देतात. मी लेखांकच ठेवले आणि संपादकांसाठी कारण लिहून ठेवलं.

अप्रकाशित कागदांना एपीएत पेटी आणि फोल्डरची जागा आहे, तिथे रुमालाचा, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक बसवला. सातव्या आवृत्तीनं प्रकाशनाचं गाव काढून टाकलं, ते मला आजही पटलेलं नाही. जुन्या मराठी पुस्तकांवर अनेकदा छापखान्याचंच नाव असतं, आणि छापखाना गावावरून ओळखायचा. न्यूयॉर्कच्या प्रकाशकाला गावाची गरज उरली नसेल, वाईच्या छापखान्याला आहे.

हे सगळं निस्तरताना एक गोष्ट स्पष्ट होत गेली. या माणसानं पुण्याच्या पेशवे दप्तरात, जिथे मूळ कागद ठेवलेत तिथे, बसून मोडी वाचलेलं होतं. रुमालांचे क्रमांक कुठून उचललेले नव्हते. एकाच रुमालातले तीन कागद त्यांनी तीन वेगळ्या मुद्द्यांना वापरले होते, आणि हे जमायला कागद हाताळलेले असावे लागतात.

मग सूचीत अधूनमधून काही इंग्रजी नोंदी होत्या. सगळ्या गेल्या चार-पाच वर्षांतल्या. खंड इटॅलिकमध्ये, अंकाचा कंस सरळ, पानांच्या मध्ये हायफन नव्हे तर बरोबर एन-डॅश, शेवटी डीओआयची, म्हणजे लेखाच्या कायमच्या ऑनलाइन ओळखक्रमांकाची, पूर्ण लिंक. ज्या लेखकाला स्वल्पविराम कुठे द्यायचा हे ठाऊक नव्हतं, त्याच्याच सूचीत हे. पहिला डीओआय उघडला तर रसायनशास्त्राचा लेख निघाला. दुसरा उघडलाच नाही. डीओआयमधला तिरप्या रेघेआधीचा भाग क्रमांक नोंदवणाऱ्या प्रकाशकाचा असतो, आणि इथे तो त्या नियतकालिकाच्या प्रकाशकाशी जुळेना. नियतकालिक खरं होतं, म्हणून त्याचा तो अंक काढला. दिलेली पानं दुसऱ्याच एका लेखाच्या मधोमध पडत होती. क्रॉसरेफवर, म्हणजे डीओआयची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या सूचीत, शीर्षकं शोधली, काही नाही.

हे नवं नाही. एल्सव्हिअरच्या लेखकांसाठीच्या नमुन्यात व्हॅन डर गीर आणि सहकाऱ्यांच्या २०००मधल्या एका लेखाची नोंद असे, केवळ मांडणी दाखवायला. तो लेख कधी लिहिलाच गेला नव्हता. तरी त्याचे जवळपास ४०० हवाले दिले गेले, हे २०१७मध्ये उघड झालं. पण ती बहुतेक नमुना पुसायचा राहिल्याची हयगय होती. माझ्यासमोरच्या नोंदी लेखातल्या ज्या एका वाक्याला आधार म्हणून जोडल्या होत्या, त्याच्याच मापानं शिवलेल्या होत्या.

ते वाक्य असं: अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कर्ज घेणाऱ्यांत विधवांचं प्रमाण सतत वाढत गेलं. लेखाचा निष्कर्ष त्याच्यावर उभा होता.

क्वेरी, म्हणजे लेखकासाठीचा प्रश्न, समासात टाकली, तर लेखकांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. म्हणाले, “मॅडम, दुसऱ्या रिव्ह्यूअरनं लिहिलं होतं की अलीकडचं आंतरराष्ट्रीय साहित्य घ्या, जुन्याच साधनांवर भर आहे. आमच्या कॉलेजात त्यातलं काही मिळत नाही. एआयला विचारलं, त्यानं हे दिलं.”

“सर, हे लेखच नाहीत.”

“पण मुद्दा खरा आहे. कागद वाचताना तसंच दिसतं.”

मी म्हटलं, मग ते कागदच द्या ना हवाल्याला. रुमालांचे क्रमांक द्या, आम्ही बसवतो. त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. “प्रमाण म्हटलं की मोजावं लागेल. परत पुण्याला येऊन बसावं लागेल. कॅसची, म्हणजे बढतीची, फाइल या महिन्यात जायची आहे.”

मला त्या रिव्ह्यूअरचा राग येतो, तो अजून गेलेला नाही. ज्याला मोडी वाचता येतं अशा माणसाला ‘अलीकडचं घ्या’ म्हणणं हा परीक्षणातला आळस आहे. कोणतं अलीकडचं, हे एका नावानिशी सांगितलं असतं तर बोलणंच नव्हतं. पण राग लेखकांचाही येतो. हातात खरा कागद असताना त्यांनी खोटा जोडला.

सुधारित फाइल आली. खोट्या नोंदी सूचीतून गेल्या होत्या, मजकुरातले कंसही गेले होते. वाक्य तसंच होतं. माझ्या कामाच्या व्याख्येप्रमाणे आता सगळं निर्दोष होतं: प्रत्येक उल्लेखाला नोंद, प्रत्येक नोंदीला उल्लेख. मी पुन्हा क्वेरी टाकली, विधानाला आधार हवा किंवा ते सौम्य करावं. संपादकांनाही वेगळं लिहिलं, काढलेल्या नोंदींची हकीकत सांगून. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. मजकुराची जबाबदारी लेखकाची, आपण पुढे जाऊ. लेख छापून आला.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका नियतकालिकाचा लेख माझ्याकडे आला, बायकांच्या मालमत्ताहक्कांवरचा. त्यात विधवांच्या कर्जाचं तेच वाक्य होतं, ‘दाखवून दिलं आहे’ या क्रियापदासह, आणि पुढे कंसात आमच्या प्राध्यापकांचं आडनाव व वर्ष. सूचीतल्या नोंदीत दुरुस्त करण्याजोगं काही नव्हतं. डीओआय उघडतो, पानं जुळतात, लेख खरा आहे.

मी समासात लिहिलं: मूळ लेखात या विधानाला कोणताही आधार दिलेला नाही, कृपया प्राथमिक साधन द्यावं किंवा वाक्य गाळावं. आणि पेशवे दप्तरातले ते रुमाल, जे पहिल्या लेखात इतर मुद्द्यांना आले होते, त्यांचे क्रमांक खाली दिले, कुणाला जाऊन मोजायचं असेल तर. लेखिकेचं उत्तर अजून आलेलं नाही.